जिंकलेला मुलूख आणि न मिळालेली जहागीर : औरंगजेबाच्या दक्षिण मोहिमेचा हिशेब

सप्टेंबर १६८१ मध्ये औरंगजेब अजमेरहून दक्षिणेकडे निघाला, आणि मार्च १७०७ मध्ये अहमदनगरजवळच्या भिंगारच्या छावणीत त्याचा मृत्यू झाला. मधल्या पंचवीस वर्षांत तो एकदाही उत्तरेत परतला नाही. या काळात त्याने काय मिळवले, हे वरवर पाहिले तर यादी मोठी दिसते. सप्टेंबर १६८६ मध्ये विजापूरची आदिलशाही बुडाली, बरोबर एका वर्षाने गोवळकोंड्याची कुतुबशाही बुडाली, मार्च १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली, त्याच वर्षी रायगड पडला आणि १६९८ मध्ये आठ वर्षांच्या वेढ्यानंतर जिंजीही मोगलांच्या हाती आली. मोगल साम्राज्याचा विस्तार याआधी कधीच एवढा नव्हता. तरीही त्याच्या मृत्यूनंतर अवघ्या बारा वर्षांत त्याच दक्षिणेच्या महसुलातला चौथा हिस्सा मराठ्यांना देण्याची सनद दिल्लीच्या बादशहाला द्यावी लागली. जिंकणारी बाजू खंक कशी झाली, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा शौर्याच्या अंगाने सोडवला जातो. ते शौर्य खरेच होते, आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्याच काळात मोगलांच्या दफ्तरात जे चालले होते ते समजून घेतल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही, आणि ते समजणे वाटते तितके अवघडही नाही.

त्यासाठी आधी मोगल सरदाराचा पगार कसा होत असे, हे पाहावे लागेल. अकबराच्या काळात घडवलेल्या व्यवस्थेत प्रत्येक अधिकाऱ्याला एक मनसब, म्हणजे आकड्यात सांगितलेला दर्जा, असे. आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभे केले गेले, हे आपण शाळेत वाचलेले असते. त्यातला ‘पंचहजारी’ हा शब्द याच व्यवस्थेतला. मनसबीचे दोन भाग असत. ‘जात’ या आकड्यावरून सरदाराचा दर्जा आणि त्याचा स्वतःचा पगार ठरे, तर ‘स्वार’ या आकड्यावरून त्याने किती घोडेस्वार बाळगायचे आणि त्यांच्यासाठी त्याला किती रक्कम मिळायची, हे ठरे. म्हणजे साम्राज्याची बहुतेक फौज बादशहाच्या थेट नोकरीत नव्हतीच. ती मनसबदारांनी आपल्या पदरी बाळगलेली होती.

हा पगार काही मनसबदारांना रोख मिळे, पण बहुतेकांना तो जहागिरीच्या रूपाने मिळे. इथे मराठी वाचकाने थोडे सावध राहायला हवे. ‘ही काय तुझ्या बापाची जहागीर आहे का?’ असे आपण म्हणतो, तेव्हा जहागीर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली मालमत्ता, असा अर्थ मनात असतो. मोगलांची जहागीर नेमकी तशी नव्हती. ठरावीक गावांचा सरकारी महसूल ठरावीक काळासाठी वसूल करून आपला पगार भागवण्याचा तो हक्क होता. जमीन जहागीरदाराची नसे, गावांवर त्याची सत्ता वंशपरंपरेने चालत नसे, आणि साधारण तीन-चार वर्षांनी त्याची जहागीर बदलून दुसऱ्या परगण्यात, कित्येकदा दुसऱ्याच सुभ्यात, म्हणजे प्रांतात, दिली जाई. एखाद्या सरदाराने एका जागी मूळ धरू नये, हा त्यामागचा हेतू होता आणि शंभर वर्षे तो चांगला साधलाही.

या व्यवस्थेचा सगळा डोलारा एका गृहीतावर उभा होता. कागदावर ज्या गावांचा महसूल लाख रुपये लिहिला आहे, तिथून लाखाच्या आसपास रक्कम खरोखर हातात येईल, हे ते गृहीत. कागदावरच्या आकड्याला ‘जमा’ म्हणत आणि प्रत्यक्ष हाती येणाऱ्या रकमेला ‘हासिल’. उत्तरेच्या सुपीक सुभ्यांत या दोहोंतले अंतर सोसवण्याजोगे होते. दक्षिणेत ते पहिल्यापासूनच भयंकर होते, आणि ही गोष्ट औरंगजेबाइतकी दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसेल. शहाजादा असताना १६५२ पासून तो दख्खनचा सुभेदार होता. तेव्हा मोगलांच्या ताब्यातील दख्खनची जमा ३ कोटी ६२ लाख रुपये लिहिलेली होती आणि वसूल मात्र जेमतेम कोटभर येत होता. पगार भागत नाहीत म्हणून त्याने बापाकडे वारंवार तक्रारी केल्या, आणि तूट भरून काढायला बाहेरच्या सुभ्यांतून पैसा आणावा लागे. त्याचा दिवाण, म्हणजे महसुलाचा मुख्य अधिकारी, मुर्शिद कुली खान याने जमीनमोजणी आणि पीकपाहणी करून दख्खनची घडी बसवण्याचा मोठा प्रयत्न केला, पण तो मुलूख दुष्काळाने आणि लढायांनी आधीच खचलेला होता.

हे अंतर मोगल दफ्तराने मान्य केले होते आणि त्यावर एक तोडही काढली होती. ज्या जहागिरीतून जमेच्या निम्मीच रक्कम वसूल होते ती ‘सहा महिन्यांची’ धरायची, जिथून तिसरा हिस्सा येतो ती ‘चार महिन्यांची’. समजा, एका मनसबदाराचा वर्षाचा पगार लाख रुपये ठरला आहे आणि त्याला दक्षिणेत लाखाची जमा असलेली, पण चार महिन्यांच्या मोजणीची जहागीर मिळाली आहे. त्याच्या हाती येणार तेहतीस हजार. मग त्याने बाळगायच्या स्वारांच्या अपेक्षाही सरकारला खाली आणाव्या लागत. याचा अर्थ असा की कागदावर पाच हजार घोडा दिसत असला, तरी लढाईच्या दिवशी रणात पाच हजार घोडा उभा राहणार नव्हता, आणि हे बादशहालाही ठाऊक असे. दक्षिणेचा जेवढा मुलूख साम्राज्यात येत गेला तेवढा हा कमी वसुलीचा भाग एकूण हिशेबात वाढत गेला.

आता विजापूर आणि गोवळकोंडा पडल्यानंतर काय झाले, ते पाहू. राज्य बुडाले की त्याचा खजिना हाती येतो, आणि गोवळकोंड्यात तो कोट्यवधी रुपयांचा मिळालाही. पण खजिना एकदाच मिळतो. राज्याबरोबर त्या राज्याचे सरदारही येतात, आणि त्यांना दर वर्षी पोसावे लागते. त्यांना मोगली मनसब देऊन आपल्याकडे घेतले नाही तर ते फौजेसह शत्रूला जाऊन मिळणार, हे उघड होते. मराठ्यांच्या बाबतीतही हेच धोरण होते. किल्ला लढवणारा फितवता आला, तर तोफा आणि सुरुंगांपेक्षा ते स्वस्त पडते, म्हणून मोठमोठ्या मनसबी देऊन मराठा सरदार फोडण्याचे काम सतत चालू होते. इतिहासकारांनी केलेल्या मोजदादीप्रमाणे औरंगजेबाच्या कारकिर्दीच्या पहिल्या वीस वर्षांत हजारी आणि त्यावरचे मनसबदार ४८६ होते, तर १६७९ ते १७०७ या काळात ते ५७५ झाले. ही वाढ फार मोठी वाटणार नाही. पण त्यांतले मराठे २७ वरून ९६ वर गेले, आणि विजापूर-गोवळकोंड्याहून आलेले सरदार त्यांखेरीज होते. म्हणजे वरच्या दर्जाच्या जागा नव्याने आलेल्यांना गेल्या, आणि ज्यांचे बाप-आजे बादशाही चाकरीत खपले होते त्या जुन्या घराण्यांतील मुलांना, ज्यांना ‘खानाजाद’ म्हणत, वाट पाहत बसावे लागले.

नवा मुलूख आला होता, मग त्यातून नव्या-जुन्या सगळ्यांना जहागिरी का देता आल्या नाहीत? या प्रश्नाचे उत्तर मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. महसुलाची जी गावे कोणालाच नेमून न देता थेट बादशाही खजिन्यासाठी ठेवली जात, त्यांना ‘खालसा’ म्हणत. (संस्थान ‘खालसा झाले’ असे आपण आजही म्हणतो, तो शब्द याच दफ्तरातून आला.) ज्या जहागिरी वाटपासाठी मोकळ्या आहेत त्यांच्या साठ्याला ‘पैबाकी’ म्हणत. औरंगजेबाला किल्ल्यांच्या वेढ्यांसाठी, तोफखान्यासाठी, दारूगोळ्यासाठी आणि फितुरीच्या रकमांसाठी रोख पैसा लागत होता, आणि त्यासाठी थांबून चालणार नव्हते. म्हणून जिंकलेल्या मुलखातला बराचसा चांगला, वसुलीचा भाग त्याने पैबाकीत न घालता खालशात ओढून घेतला. वाटायला उरला तो बहुतांशी असा मुलूख, जिथून वसूल करणे हेच एक युद्ध होते. मनसब मिळाली पण जहागीर नाही, या अवस्थेला तेव्हाच्या लिखाणात ‘बेजागिरी’ असा खास शब्द पडला, यावरून ती किती सर्रास झाली असेल हे कळते. दिवाणी कारभार पाहणाऱ्या इनायतुल्ला खानाने भरतीला मर्यादा नाही आणि मुलूख मात्र मर्यादित आहे, अशी अडचण बादशहापुढे मांडली होती. ‘यक अनार, सद बीमार’, म्हणजे डाळिंब एक आणि आजारी शंभर, हे फारसी वचन औरंगजेबाच्या काळातल्या या पत्रव्यवहारातच आले आहे. अडचण त्याच्या लक्षात आलेली नव्हती, असे म्हणता येत नाही. ती लक्षात येऊनही युद्ध थांबवणे त्याला शक्य वाटले नाही.

ज्याला दक्षिणेतली जहागीर मिळाली त्याचे पुढे काय होई, तेही जवळून पाहण्याजोगे आहे. वसुलीसाठी त्याला शिबंदी, म्हणजे वसुलीपुरते ठेवलेले हंगामी शिपाई, नेमावी लागे. पीक उभे राहण्याच्या सुमारास मराठ्यांची तुकडी चौथाई मागायला येई, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, आणि त्याच्या जोडीला सरदेशमुखीचा दहावा हिस्सा. शिबंदी थोडी असेल तर तिला हे थोपवता येत नसे, आणि मोठी ठेवली तर सगळा वसूल तिच्याच पोटात जाई. त्यामुळे शहाणा जहागीरदार गुपचूप चौथाई देऊन टाकी आणि उरलेले पदरात पाडून घेई. बऱ्हाणपूरचा कायस्थ भीमसेन सक्सेना दलपतराव बुंदेल्याच्या चाकरीत ही सगळी मोहीम आतून पाहत होता. मनसबदारांच्या फौजा तुटपुंज्या राहिल्या, जमीनदार त्यांना जुमानेनासे झाले, मराठ्यांनी मोगली मुलखात आपले वसुली अधिकारी नेमले, आणि रयतेवर दोन्हीकडून मागणी होऊ लागली, हे त्याने खेदाने नोंदवले आहे. पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही याची खात्री नसलेला जहागीरदार विहिरीसाठी तगाई, म्हणजे शेतकऱ्याला उसनी रक्कम, कशाला देईल? तो यंदाच जेवढे पिळून निघेल तेवढे पिळून घेणार, किंवा एकरकमी पैसे घेऊन वसुलीचा इजारा, म्हणजे मक्ता, कोणालातरी देऊन मोकळा होणार. शेतकऱ्यापुढे गाव सोडून जाणे एवढाच उपाय राही, आणि गाव उठले की पुढच्या वर्षीचा वसूल आणखी खाली जाई. त्या गावातला तरणाताठा माणूस भाला आणि तट्टू मिळवून मराठ्यांच्या फौजेत गेला, तर त्यात नवल नव्हते. विजापूर आणि गोवळकोंड्याच्या मोडलेल्या फौजांतले कितीतरी शिपाईही त्याच वाटेने गेले.

युद्धाचा खर्च कसा होत होता, याची कल्पना दोन प्रसंगांवरून येईल. डिसेंबर १६९९ मध्ये खुद्द बादशहा साताऱ्याच्या किल्ल्याखाली येऊन बसला. किल्ल्यावर मराठ्यांचे किल्लेदार प्रयागजी प्रभू होते. महिनोन्‌महिने खडक फोडून तटाखाली सुरुंग खणले गेले, आणि एप्रिल १७०० मध्ये ते उडवले. पहिल्या सुरुंगाने तटावरची माणसे मारली. दुसऱ्याचा स्फोट मात्र बाहेरच्या बाजूला झाला आणि हल्ल्यासाठी पायथ्याशी दाटीने उभ्या असलेल्या मोगल फौजेवरच तट कोसळला. सुमारे दोन हजार माणसे दगडांखाली गेली. राजाराम महाराजांच्या निधनाची बातमी तोवर येऊन थडकली होती, आणि काही दिवसांतच किल्ला बोलणी करून खाली झाला. त्याचे नाव बदलून ‘आझमतारा’ ठेवण्यात आले.

दुसरा प्रसंग विशाळगडाचा. सहा महिने वेढा घालूनही गड हटत नाही, हे पाहून जून १७०२ मध्ये गड लढवणारे मराठा सरदार परशुराम त्रिंबक यांना दोन लाख रुपये देऊन तो ताब्यात घेतला गेला. खरी परीक्षा त्यानंतर झाली. विशाळगडापासून पन्हाळा सुमारे तीस मैल. सह्याद्रीतला पावसाळा ज्याने पाहिला आहे त्याला जून-जुलैत त्या भागातले ओढे कसे धावतात, हे सांगावे लागणार नाही. हत्ती चिखलात रुतत होते, उंट कोसळत होते, धान्य मिळत नव्हते, आणि बादशाही लष्कराला ते तीस मैल कापायला ३८ दिवस लागले. म्हणजे दिवसाला एक मैलसुद्धा नाही. एका गडासाठी सहा महिने, दोन लाख रुपये आणि असा परतीचा प्रवास. आणि असे गड एकामागून एक होते, पन्हाळा, सिंहगड, राजगड, तोरणा. बादशहाची पाठ वळली की महाराणी ताराबाईंच्या फौजा त्यांतले अनेक गड पुन्हा घेत, बहुधा फार कमी खर्चात.

बादशाही छावणी हेच एक चालते शहर होते. १६९५ मध्ये कृष्णाकाठच्या गलगलीला आलेल्या जेमेल्ली कारेरी या इटालियन प्रवाशाने तिचा घेर तीस मैल, आत २५० बाजार आणि माणसे पाच लाखांच्या घरात, असे वर्णन केले आहे. आकडे थोडे फुगवलेले मानले, तरी मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला हेच लष्कर जवळजवळ चार वर्षे तळ देऊन होते, आणि त्या कोरड्या मुलखाने एवढ्या तोंडांना आणि जनावरांना काय पुरवले असेल, हा विचार मनाला चटका लावतो. धान्य लमाणांच्या तांड्यांवर लादून दूरदूरहून येई. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी लक्ष्य केले ते नेमके या रसदेच्या वाटांना. मोठी लढाई टाळून तांडे लुटणे आणि एकाकी सापडलेल्या सरदारांना पकडून खंडणी घेणे, ही लुटारूंची लढाई आहे, असे मोगल लेखक तुच्छतेने लिहीत. प्रत्यक्षात शत्रूच्या हिशेबवहीतली सर्वांत कच्ची बाजू त्या दोघांनी अचूक ओळखली होती.

सरदारांच्या मनावर याचा परिणाम न होता तर नवल. गोवळकोंड्याच्या वेढ्यात शहाजादा शाहआलम याने कुतुबशहाशी संधान बांधल्याच्या संशयावरून औरंगजेबाने आपल्या या थोरल्या मुलाला कैदेत टाकले, आणि तो सुमारे आठ वर्षे कैदेत राहिला. जिंजीच्या वेढ्यात मोगल सेनापती झुल्फिकार खानाने मराठ्यांशी आतून राखून घेतले, अशी कुजबूज तेव्हापासून आहे. युद्ध संपवून आपल्याला काय मिळणार, आणि लांबवून काय जाणार, असा विचार त्याच्या जागी असलेल्या माणसाने केला असेल, तर तो समजण्यासारखा आहे. बादशहा म्हातारा, वारसायुद्ध ठरलेले, जहागीर कुचकामी. मग उद्यासाठी दक्षिणेत मित्र राखून ठेवणेच त्याला शहाणपणाचे वाटणार.

उत्तरेत बादशहा नाही याचा अर्थ तिथले लोक वेगाने शिकले. १६८८ मध्ये राजाराम जाटाच्या लोकांनी आग्र्याजवळ सिकंदऱ्याला अकबराची कबर लुटली. जोधपूरच्या गादीवरून १६७९ मध्ये पेटलेले राठोडांशी युद्ध पूर्ण विझलेच नाही. दक्षिणेच्या खर्चाला भरवशाचा आधार उरला तो मुख्यतः बंगालचा. तिथे १७०० मध्ये नेमलेला दिवाण वर्षाला सुमारे कोटभर रुपये छावणीकडे धाडत होता. योगायोगाने पुढे त्यालाही मुर्शिद कुली खान हाच किताब मिळाला, पण दख्खनचा आधीचा दिवाण तो हा नव्हे. ज्या माणसावर बादशाही खजिना इतका अवलंबून राहतो, त्याला बादशहा सहजासहजी हलवू शकत नाही. बंगाल पुढे जवळजवळ स्वतंत्र झाला, त्याचे बीज इथे पडले.

या युद्धाने मराठ्यांचे राज्यही बदलून टाकले. शिवाजी महाराजांनी सरदारांना वतने आणि जमिनी तोडून देण्याची चाल मोठ्या कष्टाने आवरली होती. राजाराम महाराज जिंजीत अडकलेले, खजिना रिकामा, आणि समोर बादशहा मनसबी वाटत बसलेला, अशा वेळी महाराष्ट्रात कारभार सांभाळणाऱ्या रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण यांना सरदार आपल्या बाजूला टिकवायचे होते. मुलूख जिंकून घ्या आणि त्यातून आपली फौज चालवा, असा मार्ग त्यातून पुढे आला. राज्य त्याने वाचले, यात शंका नाही. पण प्रत्येक सरदाराची फौज, त्याचा मुलूख आणि त्याची वसुली आपापल्या हातात राहण्याची सुरुवातही त्यातूनच झाली, आणि पुढच्या काळातल्या शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड यांच्या स्वतंत्र राजकारणाचा विचार करताना ही १६९० च्या दशकातली निकड विसरून चालत नाही. ही फौज महाराष्ट्रात मावणारीही नव्हती. १६९९ मध्ये कृष्णाजी सावंत नर्मदा ओलांडून गेला, १७०३ मध्ये नेमाजी शिंदे माळव्यात शिरला, आणि १७०६ मध्ये धनाजी जाधवांनी गुजरातेत मोगल फौज उधळली. बादशहा मराठ्यांना त्यांच्या डोंगरात गाठायला आला होता, आणि त्याच्या हयातीतच ते त्याच्या मागे उत्तरेकडे पोहोचले.

पुढचा तपशील थोडक्यात असा. १७१८ मध्ये दख्खनचा मोगल सुभेदार सय्यद हुसेन अली आणि शाहू महाराजांचे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्यात करार झाला, आणि १७१९ मध्ये बाळाजी दिल्लीहून सनदा घेऊन परतले. खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बीदर, विजापूर आणि हैदराबाद या सहाही सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी त्यांत मान्य झाली होती. चौथाईच्या बदल्यात शाहू महाराजांनी १५ हजार घोडदळ बादशहाच्या सेवेला ठेवायचे, अशी अट होती. औरंगजेबाने ज्या सुभ्यांसाठी आपली शेवटची पंचवीस वर्षे खर्ची घातली, त्यांचा बंदोबस्त राखण्यासाठी आता बादशाही दफ्तर त्या सुभ्यांच्याच वसुलातून मराठ्यांना पगार देत होते.